डिझेलचा टॉर्क नेमका येतो कुठून? स्ट्रोक की टर्बो?

मानपाडा_मित्र

मंडळी, आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये सुरू झालेला वाद इथे आणून टाकतोय. तिथे तो मिटायची चिन्हं नाहीत, उलट आता त्यात वॉचमनही पडलाय.

गाड्या दोन. जुनी डिझेल स्विफ्ट, म्हणजे डीडीआयएस: १२४८ सीसी, पॉवर ७५ पीएस, टॉर्क (फिरवण्याचा जोर) १९० एनएम. आणि पेट्रोल स्विफ्ट, के सिरीजवाली: ११९७ सीसी, ८३ पीएस, ११३ एनएम. सीसी जवळपास सारखी, पॉवर पेट्रोलची जास्त. तरी गायमुखच्या चढावर पुढे ट्रेलर रांगत असला की डिझेल तिसऱ्या गिअरमध्ये, दोन हजार आरपीएमवर आरामात ओढत राहते. पेट्रोलला दुसरा टाकल्याशिवाय गत्यंतर नाही.

बी विंगमधले काका म्हणतात, डिझेलचा स्ट्रोक (पिस्टनची वरपासून खालपर्यंतची धाव) लांब, क्रँकला लिव्हर मोठा मिळतो, म्हणून टॉर्क. दुसरे म्हणतात कॉम्प्रेशन (आतली हवा किती पट दाबली जाते ते) जास्त म्हणून. तिसऱ्यांचं म्हणणं, डिझेल या इंधनातच दम जास्त. मी आयटीवाला, मला तिघांचंही पटतं. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

ठाणे_वेस्ट_७८

स्ट्रोकच. डीडीआयएसचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ६९.६ मिमी, स्ट्रोक ८२. पेट्रोलचा बोअर ७३, स्ट्रोक ७१.५. साडेदहा मिलिमीटरचा फरक आहे, थोडाथोडका नाही. काका बरोबर आहेत. धागा बंद करायला हरकत नाही.

बोअर_झालो

वाचतोय. (आयडीवर जाऊ नका, तो आधीपासून आहे.)

रबाळेकर

धागा इतक्यात बंद करू नका. मी रबाळे एमआयडीसीत जनरेटरच्या इंजिनांच्या टेस्टिंगला आहे, डायनॅमोमीटरसमोर (टॉर्क मोजायच्या यंत्रासमोर) उभं राहणं हीच नोकरी. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी स्ट्रोक. पिस्टनवर पडणारं बल म्हणजे दाब गुणिले पिस्टनचं क्षेत्रफळ. हे बल क्रँक फिरवतं, आणि क्रँकची त्रिज्या असते स्ट्रोकच्या निम्मी. आता सीसी तेवढीच ठेवून स्ट्रोक वाढवून बघा. सीसी म्हणजे क्षेत्रफळ गुणिले स्ट्रोक. म्हणजे स्ट्रोक ज्या पटीत वाढला त्याच पटीत पिस्टन बारीक झाला. लिव्हर लांबला, पण त्याला ढकलणारं बल तेवढंच घटलं. गुणाकार जिथल्या तिथे. सीसी आणि दाब सारखा असेल तर स्ट्रोक समीकरणातून चक्क उडून जातो.

मग उरतं काय? फोर-स्ट्रोक इंजिनासाठी एवढंच: लिटर गुणिले सरासरी दाब (बारमध्ये) गुणिले ८ म्हणजे एनएममधला टॉर्क. काटेकोर आकडा ७.९६ आहे, पण ८ ने काम भागतं. हा सरासरी दाब म्हणजे स्फोटाच्या क्षणाचा कमाल दाब नव्हे. संपूर्ण पॉवर स्ट्रोकभर एकसारखा दाब राहिला असता आणि शाफ्टवर आत्ताएवढंच काम मिळालं असतं, तर तो दाब किती असता, तो हा आकडा. आम्ही त्याला बीएमईपी म्हणतो. कुठल्याही इंजिनाचं ब्रोशर हातात आलं की मी आधी हा भागाकार करतो, मग बाकीचं वाचतो.

तुमच्या दोन गाड्या घ्या. पेट्रोल: ११३ भागिले १.१९७ भागिले ८, म्हणजे ११.८ बार. डिझेल: १९० भागिले १.२४८ भागिले ८, म्हणजे १९ बार. सगळा फरक इथे आहे. आणि हे १९ बार स्ट्रोकने आणलेले नाहीत, टर्बोने आणलेत, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून आत जास्त हवा कोंबणाऱ्या पंख्याने.

पुरावा हवा असेल तर तुमच्या-आमच्या टॅक्सी स्टँडवरच उभा आहे. जुनी इनोव्हा, २.५ डिझेल: बोअर ९२, स्ट्रोक ९३.८, २४९४ सीसी, टॉर्क २०० एनएम. इनोव्हा क्रिस्टा २.४ मॅन्युअल: बोअर तोच ९२, स्ट्रोक कमी होऊन ९०, २३९३ सीसी, टॉर्क ३४३ एनएम. स्ट्रोक घटला, सीसी घटली, आणि टॉर्क सत्तर टक्क्यांनी वाढला. जुनीत १० बार, नवीनमध्ये १८ बार. नवीनमध्ये व्हेरिएबल जॉमेट्रीचा (पात्यांचा कोन बदलणारा) टर्बो आहे, कोंबलेली हवा थंड करणारा इंटरकूलर आहे, इंजेक्शनचा दाब जास्त आहे. हवा जास्त कोंबली, त्या हवेला पुरेल एवढं डिझेल टाकलं.

ठाणे_वेस्ट_७८

सर, गणित ठीक आहे. पण मग जगात जिथे जिथे खरा टॉर्क लागतो तिथे लांब स्ट्रोकच का दिसतो? जेएनपीटीला येणाऱ्या कंटेनर जहाजांचं इंजिन बघा. बोअर ९६ सेंटिमीटर, स्ट्रोक अडीच मीटर. ते इंजिनिअर काय वेडे आहेत?

उरणचा_पोरगा

मरीनमध्ये असल्याने राहवलं नाही.

तुम्ही म्हणताय ते इंजिन आरटी-फ्लेक्स ९६सी. चौदा सिलिंडरच्या अवतारात ८० हजार किलोवॉट, तेही जास्तीत जास्त १०२ आरपीएमवर. टॉर्क काढलात तर ७५ लाख एनएमच्या आसपास येतो. पण स्ट्रोक अडीच मीटर ठेवण्यामागे टॉर्क हे कारण नाही. प्रोपेलर जितका मोठा आणि जितका सावकाश फिरेल तितकं इंधन वाचतं, आणि जहाजात मध्ये गिअरबॉक्स नसतो. क्रँकशाफ्ट थेट प्रोपेलरला. म्हणजे इंजिनालाच शंभर आरपीएमवर फिरायचंय. आता पिस्टनचा सरासरी वेग बघा: दोन गुणिले अडीच मीटर गुणिले १०२ भागिले ६०, म्हणजे सेकंदाला साडेआठ मीटर. डीडीआयएस ४००० आरपीएमला सेकंदाला ११ मीटरच्या जवळ जाते. म्हणजे एवढा प्रचंड स्ट्रोक असूनही पिस्टन स्विफ्टपेक्षा संथच चालतोय.

लांब स्ट्रोकचा खरा फायदा वेगळा. पिस्टन वरच्या टोकाला असताना जळणाची जागा आटोपशीर, गोळीबंद राहते. पसरट चकतीसारखी झाली तर भिंतींतून उष्णता जास्त निसटते. म्हणून मायलेज सुधारतं. त्याचा थोडा फायदा दाबाला मिळतो, नाही असं नाही, पण थोडाच.

तुर्भे_अण्णा

तुम्ही सगळे शिकलेले लोक, मी हातानं काम करणारा. ट्रक टर्मिनलजवळ इंजिन उघडायचं काम वडिलांपासून चालू आहे. मला बार-बिर कळत नाही, पण दोन्ही इंजिनांचं सामान एका टेबलावर ठेवलं की टॉर्क दिसतो, तेवढं सांगतो.

पेट्रोलचा पिस्टन उचलला तर हातात काही आहे असं वाटत नाही. वरून जवळपास सपाट, व्हॉल्व्हसाठी उथळ खाचा, स्कर्ट अगदी तोकडा. डिझेलच्या पिस्टनच्या डोक्यातच वाटी कोरलेली असते, आणि वाटीच्या मध्ये एक छोटा उंचवटा. जळण त्या वाटीतच होतं. वरच्या रिंगच्या खाचेत अ‍ॅल्युमिनियममध्ये बिडाची कडी ओतलेली दिसेल. नाहीतर त्या दाबाला खाच पसरून जाते. पिस्टन आणि रॉड जोडणारी गजन पिन पेट्रोलच्या मानाने जाडजूड. कनेक्टिंग रॉड बघितला तर कुणी न सांगता कळतं कुठला कुठल्या इंजिनाचा.

आणि हेड गॅस्केट. डिझेलच्या गॅस्केटच्या काठाला बारीक खाचा किंवा भोकं असतात, एक, दोन, तीन. नवीन पोरं ती बघतच नाहीत. पिस्टन वर आणून डायल गेज लावायचा, ब्लॉकच्या पातळीच्या वर किती येतोय ते मोजायचं, आणि त्याप्रमाणे एक खाचेचं, दोन खाचांचं की तीन खाचांचं गॅस्केट ते ठरवायचं. वर जागाच एवढी कमी असते की मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाने कॉम्प्रेशन बदलतं. चुकीचं पातळ बसवलं तर पिस्टन हेडला टेकतो, जाड बसवलं तर थंडीत सकाळी गाडी खोकत बसते.

हे सगळं जड सामान फुकट नाही दिलेलं. आत दाब किती असतो ते कंपनीला माहीत असतं.

रबाळेकर

अण्णा, दंडवत. माझ्या चार परिच्छेदांपेक्षा तुमचं टेबल भारी.

तुमचाच मुद्दा आकड्यात सांगतो. साध्या, बिनटर्बोच्या पेट्रोल इंजिनात कमाल दाब साधारण ६० ते ८० बार चढतो. आजच्या टर्बो डिझेलमध्ये १६० च्या वर, काहींत २०० च्या जवळ. पिस्टन, पिन, रॉड, बेअरिंग, सगळं त्या हिशोबाने करावं लागतं. मग ते जड होतं, आणि जड झालेलं सामान सहा-सात हजार आरपीएमवर वरखाली हलवणं परवडत नाही.

आता मानपाडा_मित्र यांचे बाकीचे दोन प्रश्न. डिझेल इंधनात दम जास्त का? लिटरमागे दहा-बारा टक्के ऊर्जा जास्त, हे खरं, कारण ते घट्ट आहे. पण किलोमागे बघितलं तर पेट्रोल आणि डिझेल जवळपास सारखेच. आणि इंजिनाची अडचण इंधन नसतेच. पंपाने हवं तेवढं इंधन ढकलता येतं. अडतं ते हवेवर.

कॉम्प्रेशन? त्याने एकाच स्फोटातून जास्त काम निघतं. आदर्श गणितात पेट्रोलच्या १० ला ६० टक्के आणि १७ ला ६८ टक्के कार्यक्षमता येते. प्रत्यक्षात दोन्ही आकडे बरेच खाली येतात, पण प्रमाण लक्षात घ्या. आठवा हिस्सा वाढला. ११३ चे १९० व्हायला हे पुरत नाही.

आणि कॉम्प्रेशनवाल्यांसाठी एक जुनी आठवण, टाटा इंडिका. १९९८ ला आली ती. १४०५ सीसीचं इंजिन, बोअर ७५ आणि स्ट्रोक ७९.५, पेट्रोललाही तेच आणि डिझेललाही तेच. टाटांच्या ४७५ या नावातच ते आहे, चार सिलिंडर, ७५ मिमी बोअर. बिनटर्बोच्या डिझेलचा टॉर्क होता ८५ एनएम. पेट्रोलचा ११० च्या आसपास. तोच बोअर, तोच स्ट्रोक, डिझेलचं कॉम्प्रेशन पेट्रोलच्या दुपटीच्या घरात, आणि टॉर्क पेट्रोलचा जास्त! नंतर त्याच १४०५ ला टर्बो बसवला तेव्हा डिझेल १२५-१३५ पर्यंत गेलं.

मानपाडा_मित्र

हे मात्र डोक्यावरून गेलं. बिनटर्बोचं डिझेल पेट्रोलपेक्षा कमी टॉर्क देतं? का पण?

रबाळेकर

धुरामुळे.

पेट्रोल इंजिनात हवा आणि पेट्रोल आधीच नीट मिसळलेलं असतं. १४.७ किलो हवेला १ किलो पेट्रोल, सगळ्या हवेचा पुरेपूर वापर. डिझेलमध्ये हवा आधी दाबली जाते आणि शेवटच्या क्षणी फवारा सुटतो. मिसळायला वेळच नाही. ४००० आरपीएमवर क्रँकचा एक फेरा १५ मिलिसेकंदांत होतो, आणि जळणाला त्यातल्या जेमतेम दोन मिलिसेकंद मिळतात. सगळ्या हवेला पुरेल एवढं डिझेल टाकलंत तर काही ठिकाणी हवा कमी पडते आणि काळा धूर निघतो. जुन्या टेम्पोंच्या मागे स्कूटर चालवलेल्यांना वेगळं सांगायला नको. म्हणून डिझेलला नेहमी थोडी हवा शिल्लक ठेवूनच चालावं लागतं. हवा वाया, टॉर्क कमी. त्यात इंडिकाचं इंजिन प्री-चेंबरवालं, म्हणजे जळण आधी बाजूच्या छोट्या कप्प्यात सुरू व्हायचं. तिथे भिंतींतून आणखी उष्णता जायची.

टर्बो आला आणि चित्र उलटलं, कारण टर्बोची भूक दोघांना वेगळी. पेट्रोलमध्ये मिश्रण दाबलं जात असतानाच इंधन आत असतं. जास्त कोंबलं की ते ठिणगीची वाट न बघता स्वतःहून पेटतं, नॉकिंग होतं, पिस्टनला भोक पडेपर्यंत. डिझेलमध्ये दाबताना आत फक्त हवा. ती कितीही दाबा, वेळेआधी पेटायला आत काही नाहीच. त्यामुळे डिझेलची मर्यादा नॉकिंग ही नाही. अण्णांच्या टेबलावरचं सामान किती दाब सोसतं आणि किती तापमान सोसतं, एवढीच.

थोडक्यात डिझेलच्या टॉर्कचा मान डिझेलला नाही, टर्बोला आहे. डिझेलचं श्रेय एवढंच की त्याने टर्बोला नाही म्हटलं नाही.

सीवूड्स_सई

इथे विचारू का? आमची अर्टिगा कंपनी फिटेड सीएनजी आहे. पाम बीचवर काही कळत नाही, पण सगळे बसलेले असताना खारघरच्या टेकडीकडे वळलं की पेट्रोलवर टाकावी लागते. डीलर म्हणाला, सीएनजी ‘हलकं’ इंधन आहे म्हणून. हे कारण पटत नाही.

रबाळेकर

सई, हलकं-जड हा मुद्दा नाही. सीएनजी वायू आहे, आणि वायू जागा खातो. योग्य प्रमाणात मिसळलेल्या हवेत मिथेनचा वाटा आकारमानाने साडेनऊ टक्के. पेट्रोलची वाफ दोनच टक्क्यांच्या आसपास. ठाण्याहून सुटणाऱ्या सकाळच्या डब्याची जागा तेवढीच, पण सीएनजी लगेज घेऊन चढतो. तेवढी हवा फलाटावरच राहते. हवा कमी, टॉर्क कमी. तुमच्या गाडीचेच आकडे: पेट्रोलवर १३६.८ एनएम, सीएनजीवर १२१.५. अकरा टक्क्यांची घट. शिवाय टाकीचं वजन.

सीएनजीला नॉकिंगची भीती पेट्रोलपेक्षा कितीतरी कमी, त्यामुळे फक्त सीएनजीसाठीच इंजिन केलं तर कॉम्प्रेशन वाढवून हा तोटा बराच भरून काढता येतो. पण जी गाडी पेट्रोलवरही चालायला हवी तिच्यात ते करता येत नाही.

बोअर_झालो

‘हवा फलाटावरच राहते’ याला +१. आठ-सतराच्या ठाणे लोकलमध्ये बसून टाइप करतोय. म्हणजे उभा राहून.

खारघर_हिल्स

मग आजची टर्बो पेट्रोल? माझी महिंद्रा ३एक्सओ, १.२ टीजीडीआय (टर्बो पेट्रोल). २३० एनएम, १५०० ते ३७५० आरपीएम. तुमच्या सूत्राने १९ नाही, थेट २४ बार येतात! डीडीआयएसला मागे टाकलं की. नॉकिंगचं काय झालं?

रबाळेकर

बरोबर काढलंत, २४ बार. पेट्रोलवाल्यांनी नॉकिंगला चारही बाजूंनी घेरलं. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं की त्याची वाफ होताना आतली हवा थंड होते. इंटरकूलर आहेच. कॉम्प्रेशन थोडं कमी ठेवतात. ब्लॉकवर नॉक सेन्सर कान लावून बसलेला असतो, जरा चाहूल लागली की ठिणगी उशिरा. आणि एक्झॉस्टचं तापमान वाढल्यावरही टिकेल अशा धातूचे टर्बो आले.

पण किंमत कुठेतरी मोजावी लागतेच. ठिणगी उशिरा पाडली की मायलेज पडतं. म्हणून टर्बो पेट्रोल घाटात दाबून चालवली की पंपावर कळतं. डिझेलला तेवढा फरक पडत नाही.

मानपाडा_मित्र

माझा मूळ प्रश्न अजून अर्धा राहिलाय. पेट्रोल स्विफ्ट ८३ पीएस, डिझेल ७५. मग घाटात पेट्रोल पुढे जायला हवी ना? काका आता म्हणतायत ‘पॉवर विकण्यासाठी, टॉर्क चढण्यासाठी’. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं दिसतंय.

गिअर_नंबर_सहा

याचं उत्तर मी देतो, गिअरबॉक्स हा माझा प्रांत.

पीएस म्हणजे एनएम गुणिले आरपीएम भागिले ७०२४. दोन हजारावर डीडीआयएस १९० एनएम देते, म्हणजे ५४ पीएस. पेट्रोल दोन हजारावर १०० एनएम धरा, म्हणजे २८ पीएस. जवळपास निम्मी. म्हणून तिसऱ्यात पेट्रोल धापा टाकते. पण तिला एक गिअर खाली घेऊन ४२०० वर न्या: ११३ गुणिले ४२०० भागिले ७०२४, म्हणजे ६८ पीएस. आता ती दोन हजारावरच्या डिझेलच्या पुढे आहे. इंजिनाचा टॉर्क गिअरबॉक्समधून जाताना हवा तेवढा वाढवून मिळतो. पॉवर वाढवून मिळत नाही. चढ किती वेगात चढणार हे त्या क्षणाची पॉवर ठरवते.

तेव्हा काकांच्या वाक्याला अर्थ नाही. डिझेलचं सुख म्हणजे ती पॉवर कमी आरपीएमवर, कान न किटवता, गिअर न बदलता मिळते. कमाल टॉर्कचा आकडा एकटा काहीच सांगत नाही. १९० एनएम फक्त २००० वर आहेत की २००० ते ३५०० पर्यंत टिकतात, हे विचारा.

आणि डीडीआयएसचंही खरं सांगायचं तर १८०० च्या खाली ती मेलेली असते. टर्बोला फिरवायला एक्झॉस्टच पुरेसा नसतो. माजिवड्याच्या जॅममध्ये दुसऱ्यात रांगताना पेट्रोलच बरी.

तुर्भे_अण्णा

हे शंभर टक्के. गायमुखला बंद पडणारे ट्रेलर बघा. इंजिन दमदार असतं, ड्रायव्हरने गिअर उशिरा खाली टाकला की टर्बो बसतो, आणि मग अर्ध्या चढावर क्लच जळत उभा. मागे फाउंटनपर्यंत रांग.

गिअर_नंबर_सहा

अण्णा, आणि त्या ट्रेलरचा टॉर्क ऐकून लोक थक्क होतात. ६.७ लिटरचं कमिन्स, ११०० एनएम, ११०० ते १७०० आरपीएम. लिटरमागे १६४. डीडीआयएसचे लिटरमागे १५२! बार काढले तर दोघंही वीसच्या आगेमागे. ट्रकमध्ये जादू नाही, लिटर आहेत.

बुलेटवाला_कोपरी

सगळं मान्य, पण बुलेटचं काय? लांब स्ट्रोक, धक धक धक, कुठल्याही गिअरमध्ये ओढते. स्ट्रोक उडून जातो म्हणणाऱ्यांनी एकदा चालवून बघावी.

रबाळेकर

चालवलीय, आवडते. पण आकडे बघू. क्लासिक ३५०: बोअर ७२, स्ट्रोक ८५.८, ३४९ सीसी, २७ एनएम ४००० आरपीएमवर. जुनी ३९० ड्यूक: बोअर ८९, स्ट्रोक फक्त ६०, ३७३ सीसी, ३७ एनएम ७००० आरपीएमवर. लिटरमागे बुलेट ७७, ड्यूक ९९. आखूड स्ट्रोकवाली जिंकली. तिचं कॉम्प्रेशन साडेबाराच्या वर, बुलेटचं साडेनऊ. तिला चार व्हॉल्व्ह, बुलेटला दोन.

तुम्हाला जे जाणवतं ते खोटं नाही, त्याचा मालक वेगळा आहे. बुलेटचा जड फ्लायव्हील (क्रँकवरचं वजनदार चाक) तिला खालच्या आरपीएमवर गचके खाऊ देत नाही. आणि व्हॉल्व्ह उघडबंद करणारा कॅम. इनलेट व्हॉल्व्ह पिस्टन खाली पोचल्यावर लगेच बंद होत नाही, थोडा उशिरा होतो. जास्त आरपीएमवर आत येणाऱ्या हवेला वेग असतो, ती पिस्टन वर येऊ लागला तरी घुसत राहते, म्हणून उशिरा बंद करणं फायद्याचं. कमी आरपीएमवर तो वेग नसतो, आलेली हवा पिस्टन परत बाहेर ढकलतो. बुलेटचा कॅम खालच्या आरपीएमसाठी कापलाय, ड्यूकचा वरच्या. बुलेट तिथे हवेने भरते जिथे तुम्ही ती चालवता. आजच्या मोटारींत व्हीव्हीटी असतं ते याचसाठी, कॅमची वेळ चालताचालता बदलायला.

स्ट्रोकचा हिशोब शेवटी पिस्टनच्या वेगात येतो. बुलेट ६१०० वर सेकंदाला साडेसतरा मीटर, ड्यूक ९००० वर १८. दोघी सारख्याच थकतात, पण ड्यूक तोवर तीन हजार आरपीएम वर पोचलेली असते. लांब स्ट्रोक टॉर्क देत नाही, वरची पॉवर काढून घेतो. मग उरलेला टॉर्क उठून दिसतो.

बुलेटवाला_कोपरी

‘उरलेला टॉर्क’ हे जिव्हारी लागलं. तरी बुलेट ती बुलेटच.

घणसोली_डिझेल

रीमॅपबद्दल (इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलण्याबद्दल) कुणी बोललं नाही. मी एका नावाजलेल्या गॅरेजमधून डीडीआयएसला रीमॅप करून घेतला. १९० चे २४० होतील म्हणाले. झालेही असतील, पहिले काही महिने मजा आली. मग एक्स्प्रेसवेवर चौथ्यात दाबली की आरपीएम चढायचे आणि गाडी तिथेच. क्लच घसरत होता. त्या गॅरेजने हात वर केले, क्लचचा खर्च माझ्या माथी.

तुर्भे_अण्णा

घणसोलीभाऊ, क्लचवर निभावलं हे नशीब. रीमॅप म्हणजे काय, तर तेच सामान, तोच रॉड, तेच गॅस्केट, आणि आत दाब वाढवायचा. कंपनीने थोडी ताकद राखून ठेवलेली असते, तीच हे लोक विकतात. माझ्याकडे येणाऱ्या अशा गाड्यांत आधी क्लच जातो, मग टर्बोचा शाफ्ट, आणि मग हेड गॅस्केटमधून पाणी. क्लच बदलताना फ्लायव्हील तपासून घेतलात ना? निळे डाग असतील तर नवीन क्लचही टिकणार नाही.

ठाणे_वेस्ट_७८

एक शेवटचं. हायरायडर हायब्रिडचं पेट्रोल इंजिन बघा. बोअर ८०.५, स्ट्रोक ९७.६. आत्तापर्यंत इथे आलेल्या सगळ्या पेट्रोल मोटारींत लांब. टोयोटाने उगाच ठेवलाय?

रबाळेकर

उगाच नाही, पण टॉर्कसाठीही नाही. १४९० सीसी, १२२ एनएम. भागाकार केला तर १० बारच्या जरा वर. मारुतीचं १४६२ सीसीचं पेट्रोल, स्ट्रोक ८५, तरी १३६.८ एनएम, म्हणजे पावणेबारा बार. कारण हायब्रिडच्या इंजिनात इनलेट व्हॉल्व्ह मुद्दाम खूप उशिरा बंद करतात. आलेल्या हवेचा काही भाग परत जाऊ देतात, जेणेकरून जळलेल्या वायूला पसरायला तुलनेने जास्त जागा मिळावी आणि इंधन वाचावं. टॉर्कची उणीव मोटर भरून काढते. तिचा टॉर्क शून्य आरपीएमपासून हजर, हवेची वाट बघावी लागत नाही. लांब स्ट्रोक तिथे उरणचा_पोरगा यांनी सांगितलेल्या कारणासाठी आहे, उष्णता कमी निसटावी म्हणून.

मानपाडा_मित्र

काकांना प्रिंट काढून देतोय. आता व्यवहाराचं: सेकंडहँड डिझेल घ्यायचं मनात होतं, बीएस६ वाली. रोजचं मानपाडा ते ऐरोली, महिन्यातून एखादी गावची फेरी, कसारा घाटमार्गे.

गिअर_नंबर_सहा

रोजचं एवढंच असेल तर नको. बीएस६ डिझेलला डीपीएफ (एक्झॉस्टमधली काजळी अडवणारा फिल्टर) असतो. त्यात साठलेली काजळी जाळायला गाडी सलग पंधरा-वीस मिनिटं साठ-सत्तरच्या वेगात पळावी लागते, आणि तुमच्या रस्त्यावर सकाळी ते होणे नाही. दिवा लागला की लोक रात्री अकराला पाम बीचला चकरा मारतात. कसाऱ्यासाठी टर्बो पेट्रोल घ्या आणि चढाआधी गिअर खाली टाकायची सवय लावा. डिझेलच हवी असेल तर रोज शिळफाट्यापलीकडे जाणाऱ्याने घ्यावी.

तुर्भे_अण्णा

आणि घ्यायच्या आधी गाडी माझ्याकडे नाही तर कुणाकडे तरी लिफ्टवर चढवा. टर्बोच्या पाइपला तेल पाझरतंय का, आणि थंड इंजिन चालू केल्यावर पहिल्या मिनिटात धूर कुठल्या रंगाचा येतो, एवढं बघितल्याशिवाय टोकन देऊ नका. आधीच गरम करून ठेवलेली गाडी दाखवली तर सरळ घरी या.